‘फाईल सापडत नाही’ म्हणजे ‘फाईल नाही’ असं नव्हे, साहेब!

माहिती अधिकारात अर्ज टाका, ३० दिवस वाट बघा आणि शेवटी एका ओळीचं उत्तर घ्या: ‘सदर माहिती अभिलेखात उपलब्ध नाही.’ पूर्वी फाईल वाळवी खायची, आता म्हणे सर्व्हरवर सापडत नाही. अहो, पण शोधली कशी? हे कुणी विचारतच नाही.

म्हणून आज एका अक्षराबद्दल बोलू. ‘शेतकऱ्यांची यादी’ यातला ‘ऱ्य’. डोळ्याला एकच दिसतो, पण कॉम्प्युटरच्या पोटात तो तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन. दोन, साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता देऊन. तीन, ‘र’चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. कुठल्या कीबोर्डवर टाईप केलं, त्यावर हे ठरतं. विंडोज आणि लिनक्सच्या लेखी ही तीन वेगळी नावं. मॅकच्या लेखी पहिली दोन एकच. जुने मॅक तर नाव साठवतानाच ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि नुक्ता वेगळे करायचे.

आता एखादं ऑफिस डोळ्यासमोर आणा. सामायिक फोल्डर लिनक्सच्या सर्व्हरवर, टेबलावरचे पीसी विंडोजचे, अहवाल छापणाऱ्या प्रेसमध्ये मॅक. एकाच फोल्डरात डिट्टो एकाच नावाच्या दोन याद्या दिसतात. एक जुनी, एक दुरुस्त केलेली. खरी कुठली? क्लार्क नाव टाईप करून शोधतो, नाव जुळलं नाही की हात वर. तेच फोल्डर मॅकवर कॉपी करताना एक यादी दुसरीच्या जागी बसू शकते. ज्याचं नाव दुरुस्त यादीत होतं, तो शेतकरी मग कुणाच्या दारात जायचा?

‘हा सॉफ्टवेअरचा दोष, आम्ही काय करणार?’ हे चालणार नाही. लिनक्सवर कॉनव्हएमव्ही नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो पहिल्या दोन तऱ्हा एक करून देतो. तिसरी तऱ्हा त्याला कळत नाही, ती शोधून बदलावी लागते. काम कंटाळवाणं आहे, अशक्य नाही.

आणि खरं सांगू? आपल्या जुन्या कारकुनांना हे कळत होतं. ते कागद नावावरून शोधत नसत, आवक-जावक क्रमांकावरून शोधत. कॉम्प्युटर आले आणि आपण तेवढीच शिस्त सोडली.

मागणी साधी आहे. फाईलच्या नावात आधी वर्ष आणि जावक क्रमांक, तोही आकड्यांत. आकड्यांना नुक्ता नसतो. आणि ‘उपलब्ध नाही’ लिहिण्याआधी क्रमांक, तारीख आणि फोल्डर, तिन्हींवरून शोधल्याची नोंद.

मित्रांनो, असं उत्तर हातात आलं तर गप्प बसू नका. पहिलं अपील करा आणि त्यात एवढंच विचारा: शोधलं कुणी, कधी आणि कसं?