भरल्या घरातली छोटी ताटली



गेली दोन-अडीच वर्षे आम्ही आपल्यापैकी अनेकांशी एक खोटे बोललो आहोत. ते आज दुरुस्त करावयाचे आहे. २०२३ च्या जून महिन्यात आम्ही रजेवर होतो, तेव्हा कचेरीतील सहकाऱ्यांना सांगितले की हर्नियाची शस्त्रक्रिया आहे. वस्तीत तेच सांगितले, मंडळाच्या कार्यकर्त्यांना तेच, आणि खुद्द आमच्या मायलाही तेच. हर्निया आम्हास कधीच नव्हता. आम्ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती.

खोटे बोललो ते लाज वाटली म्हणून. एखाद्याने दारू सोडण्यासाठी डॉक्टरची मदत घेतली तर चार माणसे त्याची पाठ थोपटतात. भूक आवरण्यासाठी डॉक्टर लागला असे म्हटले की तीच माणसे हसतात. "रोज चालायला काय झालं होतं?", "पैसेवाल्यांची थेरं" ही वाक्ये आम्ही स्वतः दुसऱ्यांबद्दल उच्चारलेली आहेत.

आमचे वजन तेव्हा १३१ किलो होते आणि उंची १६८ सेंटिमीटर. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्यास बीएमआय म्हणतात. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, भागाकार आम्हीच केला. ४६ च्या वर उत्तर आले. आपल्याकडे २५ च्या पुढे गेलेला माणूस लठ्ठ धरतात. पण हे गणित करण्याआधीच लोकलने आमचा हिशेब केलेला होता. अंबरनाथहून सकाळी गाडीत चढल्यावर तिघांच्या बाकावर चौथा माणूस अर्धा टेकतो, ही मुंबईची रीतच आहे. आम्हास चौथी सीट कोणी देत नसे, आणि आम्ही तिसरे म्हणून बसलो की चौथा कोणी टेकत नसे. कोणी काही बोलत नसे, पण नजर कळत असे.

वजन उतरविण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. चार वेळा दहा-दहा किलो उतरविले आणि चारही वेळा बारा-बारा चढले. मधुमेह जडला होता, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ९.४ होता. त्या काळात वस्तीतील आरोग्य शिबिरात ध्वनिक्षेपकावरून "बंधू-भगिनींनो, साखर तपासून घ्या" असे पुकारणारे आम्हीच होतो. परिचारिका ताईंनी आमचे बोट धरले, तर "आधी लोकांचे होऊ द्या" म्हणून आम्ही सटकलो. समाजकार्याचा असाही उपयोग होतो.

शेवटी निर्णय आमच्या पत्नीने घेतला. आम्ही झोपेत घोरता घोरता मध्येच श्वास थांबवतो, हे तिने एका रात्री जागून पाहिले. झोपेची तपासणी झाली. तासाला सरासरी ५२ वेळा श्वास अडत होता. तासाला ३० च्या वर गेले की ते तीव्र समजतात. टेबलावर फाईल उघडी ठेवून आम्ही का पेंगत होतो, ह्याचा उलगडा त्या दिवशी झाला. त्याआधी साहेब आम्हास आळशी म्हणत आणि आम्हासही ते पटत असे.

डॉक्टरांनी सांगितले ते असे. माणूस उपाशी राहून वजन उतरवतो तेव्हा शरीर त्यास दुष्काळ समजते आणि भूक वाढवते. जठराच्या वरच्या भागात घ्रेलिन नावाचा भूक लावणारा स्राव मोठ्या प्रमाणावर तयार होतो. 'स्लीव्ह' ह्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. त्यामुळे पोटात मावते कमी, आणि तो स्रावही घटतो. दुसरा प्रकार 'बायपास'चा, त्यात आतड्याची जोडणी बदलतात. हे काल-परवाचे खूळ असावे अशी आमची समजूत होती, तीही चुकीची निघाली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन वाढत नाही हे पाहून अमेरिकेत आयोवा येथील डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली पहिला बायपास केला. म्हणजे आमच्या जन्माच्याही आधी.

पैशांचे बोलले पाहिजे, कारण कुटुंबे तिथेच अडतात. पूर्वी विमा कंपन्या लठ्ठपणाचे नाव निघाले की दार लावून घेत. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बीएमआय ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ किंवा अधिक असून अनियंत्रित मधुमेह, झोपेतील तीव्र श्वासरोध, हृदयविकार असे काही जोडीला असेल, तर ही शस्त्रक्रिया वजनाची म्हणून वगळता येत नसे. अट अशी की डॉक्टरांनी ती लिहून दिलेली असावी आणि कमी त्रासाचे उपाय आधी करून फसलेले असावेत. आमचा पहिला अर्ज ह्याच अटीवर परत आला. "आधी प्रयत्न केल्याचा पुरावा?" पण कारकुनाच्या घरात कागद हरवत नाही. आठ वर्षांच्या आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, वजनाच्या नोंदी, व्यायामशाळेच्या पावत्या तारीखवार लावून पाठविल्या. मंजुरी आली. तरी हातमोजे, नळ्या असल्या किरकोळ म्हणविणाऱ्या वस्तूंचे २७ हजार आम्हासच भरावे लागले. ज्यांना हा विचार करावयाचा असेल त्यांनी आजपासून कागद जपावेत.

शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे जवळजवळ पातळ आहारावर ठेवतात, म्हणजे चरबीने फुगलेले यकृत आकसते आणि डॉक्टरांना जठरापर्यंत वाट मिळते. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. पोटावर पाच लहान छिद्रे. भुलीतून जागे झालो तेव्हा पोटापेक्षा खांदा दुखत होता. काम करण्यासाठी पोटात जो वायू भरतात त्याची ती कळ असते, हे कोणी आधी सांगितले असते तर आम्ही हृदयविकाराच्या भीतीने घामाघूम झालो नसतो. त्याच संध्याकाळी परिचारिकेने उठवून चालावयास लावले. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घट्ट मोजे, इंजेक्शने, आणि छाती मोकळी राहावी म्हणून श्वास ओढून गोळ्या उचलण्याचे ते प्लास्टिकचे यंत्र. पाणी औषधाच्या टोपणाने, दर पंधरा मिनिटांनी ३० मिलिलिटर. एरवी आम्ही तांब्या तोंडाला लावणारे. आता एक कप पाणी संपावयास तास-सव्वा तास लागे.

घरी आलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. पहिले दोन आठवडे फक्त पातळ, मग पंधरा दिवस घोटून गाळलेले, मग मऊ. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावयाची, आणि पोट तर चार चमच्यांत भरणारे.

आणि घरात आमची माय.

मायचे माहेर बीड जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. रोजगाराच्या कामावर आईबरोबर खडी फोडावयास जात असे. तिथे मिळालेली सुकडी आणि रेशनचा लाल मिलो खाऊन तिने ते वर्ष काढले. मिलोच्या भाकरीची चव ती आजही सांगते, तोंड वाकडे करून सांगते. आम्ही नोकरीला लागलो, अंगाने भरलो, तेव्हा वस्तीतील बायका म्हणाल्या, "तुमचा ल्योक खात्यापित्या घरचा दिसतो." मायला दुसरे प्रशस्तिपत्र नको होते. तिच्या लेखी आमची ढेरी म्हणजे दुष्काळ संपल्याची खूण. तिच्या घरात ताटात अन्न टाकलेले चालत नाही, आणि "पुरे" ह्या शब्दाला पहिल्या तीन वेळा अर्थ नसतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या चौथ्या आठवड्यात पत्नी कामावर गेलेली असताना मायने मटणाच्या रश्श्यात भाकरीचा तुकडा कुस्करून पुढे केला. "हर्नियाला काय हुतंय भाकरीनं? एक घास खा, बाबा." आम्ही खाल्ला. खोटे बोललेल्या माणसाजवळ नाही म्हणावयास कारण नसते. दोन मिनिटांत छातीच्या मध्यभागी दगड अडकल्यासारखे झाले, तोंडाला पाणी सुटले आणि पुढचा तासभर आम्ही मोरीत वाकून होतो. टाके उसवले की काय ही भीती निराळीच. डॉक्टरांनी दूरध्वनीवर खरडपट्टी काढली, ताप आहे का, नाडी किती, हे विचारले आणि पुन्हा दोन दिवस पातळावर टाकले.

माय मोरीच्या दाराबाहेर उभी होती. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिने आमच्या पत्नीला बाजूला घेऊन विचारले, "खरं सांग, त्याला कॅन्सर हाय ना?" शेजारच्या बाईंनी तिला सांगितले होते की एवढा झपाट्याने वाळणारा माणूस कशाने वाळतो. महिनाभर ती हे मनात घेऊन भाकऱ्या थापत होती.

तेव्हा आम्ही तिच्यापुढे बसून सगळे सांगितले. जठर केवढे असते, किती काढले, का काढले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ज्या पोटासाठी आम्ही खडी फोडली, ते पोट तू पैसे दिऊन कापून टाकलंस?" ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

पुढे एक गोष्ट वाचनात आली ती येथे नोंदवितो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतल्या मातांचा व बालकांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. आपली बाळे जन्मतः वजनाने कमी, पण त्यांच्या अंगात स्नायू थोडे आणि चरबी त्या मानाने जास्त, असे त्यांना आढळले. गर्भात पोषण कमी पडले तर पुढे मधुमेहाकडे कल वाढतो, असे हे शास्त्र सांगते. आम्ही हे मायला समजेल असे सांगितले. ती म्हणाली, "मंजी माझी उपासमार तुझ्या अंगात उतरली?" आम्ही घाईने सांगितले की तसे एकेका माणसाचे सिद्ध होत नाही, आणि स्टेशनबाहेरचे वडापाव आम्हास कोणी बळजबरीने चारलेले नव्हते. तेही खरेच आहे.

बाकीचे थोडक्यात. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळू लागले. झपाट्याने वजन उतरले की असे होते, ते पुन्हा आले. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळी घेतली. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व ह्यांच्या गोळ्या जन्मभराच्या आहेत, आणि त्यांचा दरमहाचा खर्च आमचा विमा देत नाही. ज्यांना तो झेपणार नाही, किंवा दर सहा महिन्यांनी रक्त तपासणे जमणार नाही, त्यांनी शस्त्रक्रियेची घाई करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. बी-१२ कमी पडले तर हातापायांच्या मज्जातंतूंवर परिणाम होतो. छातीत जळजळ आम्हास पूर्वी नव्हती, ती आता आहे. पोटाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबते.

वर्षाने वजन ९२ वर आले होते. आज ९६ आहे. चार किलो परत चढले, कारण फरसाण आणि गोड चहा त्या केळ्याएवढ्या नळीतूनही सहज उतरतात. साखरेचा आकडा ६.१ आहे, चार औषधांच्या जागी एक गोळी उरली आहे, श्वासाचे यंत्र कपाटात गेले. २०२५ पासून वजनाची आठवड्याला एक घ्यावयाची इंजेक्शनेही आपल्याकडे मिळू लागली आहेत. "थोडं थांबला असता तर सुरी टळली असती," असे एक सहकारी म्हणाले. असेलही. पण ५२ वेळा श्वास अडत असताना थांबणे आम्हास जमले नसते, आणि ती इंजेक्शने बंद केली की बहुतेकांचे वजन पुन्हा चढते असे डॉक्टर सांगतात.

लोकलमध्ये आता आम्हास चौथी सीट मिळते. पहिल्यांदा एका गृहस्थाने सरकून जागा दिली तेव्हा आम्ही वळून मागे पाहिले, दुसऱ्या कोणाला दिली असेल म्हणून.

मायने मुलांची जुनी स्टीलची ताटली आमच्यासाठी काढून ठेवली आहे. तीत आधी अंडे किंवा घट्ट वरण, मग भाजी, आणि उरलेल्या जागेत चतकोर भाकरी. हा क्रम आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेला, पण आता तो मायचाच झाला आहे. परवा गावाकडचे पाहुणे जेवावयास होते. एकजण आमच्या ताटलीकडे पाहून म्हणाले, "एवढ्यानं काय हुतंय, वाढा की मावशी." माय म्हणाली, "त्याला आग्रह करू नगा, त्याचं पोट ल्हान हाय. तुमी घ्या."

पुढच्या महिन्यात आमच्या रक्ताची तपासणी आहे. ह्या वेळी माय बरोबर येणार आहे. तिलाही तिची साखर बघून घ्यावयाची आहे.