मैदानाची पाळ

दिवाळी आली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे वारे वाहू लागतात. धान अजून घरात यायचे असते, हाती पैसा खेळत नसतो. तरीही गावोगावी शंकरपट, कबड्डीचे सामने आणि रात्रीची नाटके यांची बोलणी सुरू होतात. याच दिवसांत तरुण मुले हमखास विचारतात, "सर, खेळावर पोट भरते का जी?" प्रश्न चार शब्दांचा, पण त्यामागे कुणाचे तरी सबंध आयुष्य उभे असते. म्हणून उत्तर जपून दिले पाहिजे.

नवेगाव बांधला आलेला पाहुणा तलावाचे पाणी पाहतो, भोवतालचे डोंगर पाहतो आणि तृप्त होऊन परततो. हा तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला असे परंपरा सांगते. पण ज्या पाळीमुळे हे पाणी अडले, तिच्याकडे किती जण पाहतात? खेळाचेही तसेच आहे. खेळाडू साऱ्यांना दिसतो. त्याला धरून ठेवणारी पाळ दुसरीच माणसे घालतात. आणि पोटाची वाट पुष्कळदा या पाळीवरूनच जाते.

शंकरपटाचेच घ्या. जोडी धावते ती काही सेकंद. पण तेवढ्यासाठी धुरकरी लागतो, वेळ टिपणारा लागतो, ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारणारा लागतो, मंडपवाला, चहा-भज्यांचा दुकानदार आणि रात्रीसाठी वडशाची नाटक मंडळी लागते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात बैलांबरोबर या साऱ्यांची हंगामी कमाईही थांबली. जनावराचे हाल होता कामा नयेत, हे आता नियमाने बांधलेले आहे. तेव्हा परवानगीचे कागद नीट वाचता येणे, हीसुद्धा मैदानावरची एक विद्याच झाली!

कबड्डीने तर नशीबच पालटले. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजारांची. २०१९ च्या लिलावात कोल्हापूर जिल्ह्याच्या सिद्धार्थ देसाईला १ कोटी ४५ लाख मिळाले. पोरांच्या डोळ्यांपुढे हाच आकडा नाचतो. नाचू द्यावा; पण हिशेबही करावा. संघ मोजके, जागा त्याहून मोजक्या, आणि गुडघा दगा देतो तो वय विचारून नव्हे. उलट त्याच संघाला प्रशिक्षक हवा, दुखापत जाणणारा हवा, प्रतिपक्षाच्या चढाया टिपून ठेवणारा हवा, प्रायोजक आणणारा हवा. या कामांना तिशीनंतर कुणी घरी पाठवीत नाही.

शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी कबड्डीच्या संघटनेला हयात वाहिली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले, त्यामागे त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांची पायपीट होती. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. गौरव चढाई करणाराचाच होतो असे थोडेच आहे?

मग आरंभ कुठून करावा? घरापासून. गावच्या सामन्यांची पावतीपुस्तके सांभाळावीत, आणि जमाखर्च दुसऱ्या दिवशी चावडीवर लावावा. ज्याचा हिशेब चोख, त्याला पुढच्या गावचे बोलावणे येते. नियम पाठ करून पंचाची परीक्षा द्यावी. शिकायचेच असेल तर अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९३६ साली बर्लिनमध्ये आपले देशी खेळ दाखवून आलेली ही संस्था शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय चालवते. वाणिज्याची पदवीही येथे वाया जात नाही. पहिली एकदोन वर्षे फुकट राबावे लागेल, ते शिक्षण समजावे. पण पाचव्या वर्षीही कुणी नुसती शाबासकीच देत असेल, तर नम्रपणे मोबदला मागावा. नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला मात्र दारातूनच रामराम करावा.

आणखी एक. लग्न ठरले की आमच्या मुलींचा खेळ सुटतो. गुणलेखनाची वही आणि पंचाची शिट्टी यांना सासर-माहेर नसते. यंदाच्या मंडईत ती वही एखाद्या मुलीच्या हाती द्या. पाळ घालायला सुरुवात तिथूनही होते.