यंदा मे महिन्यात गावोगावी कादंबरी लावू या

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले पालक, शिक्षक, ग्रंथपाल आणि देणगीदार यांना जाहीर आवाहन

वार्षिक परीक्षा संपली की सहावी, सातवी, आठवीची मुलं दीड महिना मोकळी होतात. मेच्या सुरुवातीला लागलेली सुट्टी जूनच्या मध्यावर संपते. या दिवसांत आपली मुलं विहिरीत पोहतात, मामाच्या गावाला जातात, शेतात हात लावतात, क्रिकेट खेळतात आणि उरलेला सगळा वेळ मोबाइलला देतात. त्या उरलेल्या वेळात त्यांच्या हाती एक आख्खी कादंबरी यावी आणि ती त्यांनी स्वतःच्या ओढीनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी, एवढ्यासाठी हे आवाहन आहे. ती कादंबरी कोणती असावी हे आपण मोठ्यांनी आधी स्वतः वाचून, मुलांना विचारून ठरवावं, ही यातली मुख्य विनंती.

कादंबरीच का? शाळेच्या पुस्तकात मुलांना उतारा भेटतो. दोन पानांत माणूस येतो, बोलतो, निघून जातो आणि खाली स्वाध्याय सुरू होतो. एखाद्या माणसाबरोबर दीडशे पानं चालावं, तो चुकला तर आपल्याला राग यावा, जेवायला हाक आली तरी उठवू नये, हा अनुभव उताऱ्यातून मिळत नाही. लहान वर्गांत चित्रांची पुस्तकं असतात, छोट्या गोष्टी असतात. नववीपासून दहावीची धास्ती घरात शिरते. मधले तीन उन्हाळे तेवढे आपल्या हातात आहेत. या वयात ज्याला लांब वाचनाची गोडी लागली तो पुढे शेती करो, कारखान्यात जावो की कलेक्टर होवो, वाचत राहतो, असं माझं इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून बनलेलं मत आहे.

रोज थोडं वाचून मोठा ग्रंथ पुरा करणं आपल्या भागाला नवं नाही. बाबूजी नाईकांच्या आश्रयानं मोरोपंत बारामतीत राहिले, पुराण सांगत राहिले, लिहीत राहिले. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ आपल्याकडे श्रावणात घरोघर लागत. एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार, रोज एक अध्याय. अक्षर न येणारी आजीसुद्धा उद्या काय होणार याची वाट पाहायची. तशीच यंदा मेमध्ये कादंबरी लावावी, देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या व्हरांड्यात किंवा वस्तीवरच्या अंगणात. दिवेलागणीनंतर अर्धा तास पुरे. आठवीतली मुलगी वाचेल, पाचवीतला भाऊ ऐकेल. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेली ‘श्यामची आई’ तर रचलीच आहे रात्रींमध्ये. बेचाळीस रात्री आहेत तिच्यात, आपल्या सुट्टीला जवळजवळ पुरतील इतक्या. ज्यांना सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल त्यांनी तिथून करावी.

पण तिथेच थांबू नये. आपल्याकडे मुलांसाठी पुस्तक निवडायचं म्हटलं की संस्कार हा एकच निकष पुढे येतो आणि बक्षीस समारंभात तीच चार-पाच पुस्तकं वर्षानुवर्षं वाटली जातात. ‘श्यामची आई’ थोर आहेच. तिच्याबरोबर पळवणारं, घाबरवणारं, रडवणारं, प्रश्नात पाडणारं पुस्तकही मुलाला हवं असतं, आणि ते देण्यात काही गैर नाही.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा पोरगा. खेड्यातून पुण्यात शिकायला गेलेला, किरकोळ अंगाचा, सायकलवर भरधाव सुटणारा. आपल्या गावातून बारामतीला सायकलवर शाळेत येणाऱ्या मुलाला त्याच्याशी दोस्ती करायला वेळ लागत नाही. साहसकथा म्हणजे हलकं वाचन, असं काही शिक्षकांना वाटतं. मला ते पटत नाही. ज्या मुलानं आजवर एकही पुस्तक पुरं केलेलं नाही, त्याला आधी पान उलटायची घाई वाटायला हवी. भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला २०२४ चा साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा रहस्य आणि साहित्य यांचं वैर आहे असं समजायचं काही कारण उरलेलं नाही.

आता ज्या दोन पुस्तकांसाठी मी मनापासून आग्रह धरणार आहे, त्यांच्याकडे येतो.

पहिलं ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’. धरणापायी उठणाऱ्या गावाची ही गोष्ट एका मुलाच्या नजरेतून येते. २०१७ चा बाल साहित्य पुरस्कार तिला मिळालेला आहे. इंदापूर तालुक्यात ही कादंबरी वाचली जाणार नसेल तर कुठे वाचली जाणार? भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं. त्या पाण्यानं आपल्या बागा फुलवल्या, ऊस दिला, भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी आणले. त्याच पाण्याखाली काठची गावं, मळे, देवळं गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि मुलं ते पाहायला जातात. ज्यांनी जुनं गाव सोडलं, ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. सातवीतल्या नातवानं ही कादंबरी वाचली तर तो आजोबांना विचारेल, आपलं घर कुठल्या बाजूला होतं, गाव उठलं त्या दिवशी तुम्ही काय काय बरोबर घेतलं? हे विचारायला अजून काही वर्षंच आहेत. पळसदेव, डाळज, कळाशी, कुंभारगाव या पट्ट्यातल्या शाळांनी यंदा दुसरं काही नाही जमलं तरी या एका कादंबरीच्या प्रती आणाव्यात आणि शक्य तिथे आजी-आजोबांना ऐकायला बसवावं.

दुसरं ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी राम पटवर्धनांनी मराठीत आणली. फ्लोरिडाच्या रानात राहणारं गरीब शेतकरी घर, त्यातला ज्योडी हा मुलगा आणि त्यानं वाढवलेलं हरणाचं पाडस. पाडस मोठं होतं आणि मक्याचे कोवळे कोंब खाऊ लागतं. घरात वर्षाचं धान्य तेवढंच. मग काय करायचं? शहरातल्या मुलाला हा प्रश्न पुस्तकातला वाटेल. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या आसपासच्या मुलानं चिंकारा रानात पाहिलेला असतो आणि पीक खाल्लेलं शेतही पाहिलेलं असतं. आई कठोर आहे की बरोबर आहे, यावर तो तुमच्याशी तासभर भांडेल. पुस्तक जाडजूड आहे आणि शेवट काळीज हलवणारा आहे. म्हणूनच ते एकट्यानं वाचायला न देता, रोज थोडं मोठ्यानं वाचून पुरं करावं. दुःखाचा शेवट मुलांना सोसणार नाही, या भीतीनं चांगली पुस्तकं बाजूला ठेवू नका. पावसानं ओढ दिलेली वर्षं या मुलांनी घरात बसून पाहिली आहेत.

आठवीच्या मुलांसाठी व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची ‘बनगरवाडी’ जरूर घ्यावी. माणदेशातल्या धनगरवाडीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर, मेंढरांमागे जाणारी पोरं, सगळ्यांनी मिळून बांधलेली तालीम आणि शेवटी दुष्काळानं रिकामी होणारी वाडी. आपल्या जिरायती पट्ट्यातल्या मेंढपाळ घरांतली मुलं स्वतःची बोली, स्वतःची घोंगडी आणि काठी छापील पानावर पाहतील. आनंद यादवांची ‘झोंबी’ही याच वयाच्या उंबरठ्यावरची. बापानं शाळेतून काढून मळ्यात जुंपलेल्या पोराची ती गोष्ट आहे. या दोन्ही कादंबऱ्या मोठ्यांसाठी लिहिलेल्या आहेत, त्यामुळे शिक्षकानं किंवा पालकानं आधी वाचून मगच द्याव्यात.

यादीत मुलींना जागा हवी. सुट्टीत मुलगे मोकळे सुटतात आणि मुलींच्या वाट्याला भांडी, धुणं, धाकटी भावंडं येतात. त्यांना वाचायला वेळ देणं हे घरानं करायचं काम आहे. पुस्तकात त्यांना स्वतःसारखी मुलगी भेटेल याची काळजी निवडणाऱ्यांनी घ्यायची. डॉ. संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ सहावीला उत्तम. शांता शेळके यांनी अनुवादलेली ‘चौघीजणी’ आठवीला. ‘तोत्तोचान’ कादंबरी नसून आठवणी आहेत, पण रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी ती जपानी शाळा मुलं विसरत नाहीत. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनं काढलेला आहे.

निवडीबद्दल आणखी थोडं. जे पुस्तक तुम्ही स्वतः शेवटपर्यंत वाचलेलं नाही ते मुलांना देऊ नका. मोठ्या कादंबऱ्यांच्या साठ पानी संक्षिप्त आवृत्त्या टाळा, त्यांत गोष्टीचा सांगाडा उरतो. अक्षर बारीक असेल तर पुस्तक कितीही चांगलं असो, सहावीसाठी घेऊ नका. आणि शेवटचा शब्द मुलांचा असू द्या. आठ-दहा पुस्तकं त्यांच्यापुढे मांडा, पहिली दहा पानं वाचू द्या, हात कशाकडे जातो ते पाहा.

वीस वेगवेगळी पुस्तकं घेण्यापेक्षा पाच कादंबऱ्यांच्या चार-चार प्रती घ्याव्यात, असं मी आग्रहानं सांगेन. एकच पुस्तक चौघांनी वाचलं तर चौघं त्यावर बोलतात आणि पाचवा मागायला येतो. एका प्रतीला सरासरी दोनशे रुपये धरले तर एका गावाची पेटी चार हजारांत होते. वाढदिवसाला वह्यावाटप करणारी आणि गावोगाव फ्लेक्स लावणारी मंडळी, वडिलांच्या वर्षश्राद्धाला शाळेला देणगी देणारी कुटुंबं, एमआयडीसीतले कारखाने, साखर कारखाने, पतसंस्था, गणेश मंडळं यांना हा खर्च जड नाही. फक्त घरातली जुनी रद्दी, गाईडं आणि भेट मिळालेले गौरवग्रंथ पेटीत टाकू नका. शाळेत गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावं, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंच सांगितलेलं आहे. आपण मुलांवर उपकार करत नाही.

पेटी ठेवायची कुठे? सुट्टीत शाळेला कुलूप असतं. ग्रंथालय गावठाणात आणि अर्धी घरं वस्त्यांवर विखुरलेली. पण सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वस्तीवरून कुणी तरी दूध घालायला येतंच, आणि सुट्टीत किटली बहुतेक वेळा मुलांच्याच हातात असते. म्हणून दूध संकलन केंद्रांच्या चालकांना माझी खास विनंती आहे: एक पेटी आणि एक वही तुमच्या टेबलाशेजारी ठेवू द्या. मूल नाव लिहील, पुस्तक नेईल, आठवड्यानं आणून देईल. एखादी प्रत हरवली, फाटली, उसाच्या फडात भिजली तर दंड नको. सार्वजनिक ग्रंथालयांनी मे-जूनपुरती बालसभासदांची अनामत माफ करावी.

ऊसतोड कामगारांची मुलं या योजनेतून सुटतील हे मला दिसतं. कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला की ती बीड-नगरकडे परत जातात आणि आपली सुट्टी लागायच्या आत कोप्या रिकाम्या झालेल्या असतात. त्यांना पट्टा पडण्याआधीच एकेक पुस्तक द्यावं, परत न मागता. मेंढरांमागे गेलेल्या वाड्यांवरच्या मुलांनाही तसंच.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे पालक म्हणतात, आमच्या मुलाला मराठी वाचायला जड जातं. त्यांनी पहिली चाळीस पानं स्वतः वाचून दाखवावीत, पुढचं मूल ओढून घेईल. पुस्तक मिळालंच नाही तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. मोबाइल हातात आहेच तर तेही वाचता येईल.

शिक्षकांना एकच सांगणं. सुट्टीनंतर सारांश, प्रश्नावली, गुण, प्रमाणपत्र यांतलं काहीही नको. मुलानं पुस्तकाच्या आतल्या कोऱ्या पानावर हवं तर एक ओळ लिहावी, हे पुस्तक आपल्या वर्गातल्या कुणाला आवडेल आणि का.

आता कामाला लागू या. १० एप्रिलपर्यंत प्रत्येक गावातल्या दोन शिक्षकांनी, दोन पालकांनी आणि सहावी ते आठवीच्या चार मुलांनी बसून आपली पाच पुस्तकं ठरवावीत. वर सांगितलेलीच घ्यावीत असं नाही, वाचून घ्यावीत एवढंच. २३ एप्रिलला, जागतिक पुस्तक दिनी, पेटी डेअरीवर पोहोचावी. मेच्या पहिल्या आठवड्यात सामूहिक वाचन सुरू व्हावं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर, तुकोबांची पालखी उंडवडीत येण्याच्या आत, मुलांनी कोणतं पुस्तक अर्ध्यात टाकलं आणि कोणतं दोनदा वाचलं याची नोंद वहीतून उतरवून घ्यावी, म्हणजे पुढच्या वर्षीची यादी त्यावरून करता येईल. ज्यांना पैसे द्यायचे असतील त्यांनी ते आपल्या गावच्या मुख्याध्यापकांकडे किंवा ग्रंथपालांकडे पावती घेऊन द्यावेत. ज्यांच्याकडे पैसे नाहीत पण आवाज चांगला आहे, त्यांनी रात्री अर्धा तास वाचायला यावं.

आपला,
बारामतीतला एक निवृत्त मराठी शिक्षक