दगडाहून टिकाऊ कागद

दक्षिण कोरियाची राजधानी सेऊलच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर सुवॉन शहर आहे. त्याच्या मध्यातून ह्वासाँग किल्ल्याचा पावणेसहा किलोमीटरांचा तट फिरतो. तटावरून चालणारा प्रवासी उत्तरेची भव्य वेस पाहून थक्क होतो. पण ती कोरियन युद्धात (१९५०-५३) उद्ध्वस्त झाली होती आणि १९७५ ते १९७९ या काळातील जीर्णोद्धारात पुन्हा उभी राहिली, हे कळताच त्याचा थोडा विरसही होतो. वस्तुतः या किल्ल्याचे खरे मोठेपण तेथेच आहे.

जोसॉन घराण्यातील राजा जाँगजो याने १७९४ ते १७९६ या काळात हा किल्ला बांधविला. त्याचे वडील युवराज सादो यांना १७६२ साली आजोबांच्याच आज्ञेने धान्याच्या पेटीत कोंडून मारण्यात आले होते. पित्याची समाधी राजाने १७८९ साली या परिसरात आणली आणि पुढे नव्या नगराभोवती तट घातला. जाँग याक्‌याँग या विद्वानाने आराखडा केला व अवजड शिळा उचलण्यासाठी कप्प्यांचे यंत्र रचले. मजुरांना वेठीस न धरता मजुरी देण्यात आली.

काम संपल्यावर त्याचा साद्यंत वृत्तान्त १८०१ साली छापला गेला. इमारतींची चित्रे, यंत्रांच्या आकृत्या, सामानाचा खर्च यांबरोबरच कारागिरांची नावे व त्यांच्या कामाचे दिवसही त्यात नोंदलेले आहेत. परकीय राजवट आणि युद्ध यांनी तट खिळखिळा केला; कागद मात्र शाबूत राहिला. त्याच्याच आधारे पुनर्बांधणी झाली आणि १९९७ साली किल्ल्यास जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

त्याच यादीत २०२५ साली मराठ्यांच्या बारा दुर्गांचा समावेश झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. या गौरवाबरोबर जबाबदारीही येते. कोणत्याही बुरुजाच्या डागडुजीपूर्वी त्याची मोजमापे व चित्रे जतन झाली पाहिजेत. कोणता दगड का बदलला, कोणी बसविला, याची नोंद राहिली पाहिजे. ढासळलेला तट पुन्हा रचता येतो, पण नोंदच नसेल तर उभे राहते ते केवळ कल्पनेचे बांधकाम. इतिहासाचे प्रेम घोषणांत पुष्कळ दिसते. त्याची कसोटी नोंदवहीत लागते.