टाकी गेली, तेल राहिले?

पेट्रोलपंप बंद झाला, जमिनीतील टाकी उपसून खड्डा बुजविला, की जागा निर्धोक झाली, असा सार्वत्रिक समज आहे. तो आम्हांस घातक वाटतो. परभणीजवळच्या पिंगळीसारख्या गावी काळ्या मातीखाली मुरूम व त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण आहे. विहिरींना पाणी याच भेगांतून येते; झिरपलेल्या तेलालाही तीच वाट मोकळी आहे. पेट्रोल पाण्यावर तरंगते. परंतु त्यातील बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य पाण्यात विरघळते. लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही त्याची जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा आहे. भूजलरक्षणार्थ राज्यात २००९ चा अधिनियम आहे. तेव्हा टाकी काढतानाच तळची माती व भोवतालच्या विहिरी तपासल्या गेल्या पाहिजेत. विहीर नासल्यावर केलेला पंचनामा कोणाची तहान भागविणार?