न जुळणारे रीडिंग खोडू नका

विद्यार्थी मित्रांनो, खरं सांगा. सोडियमच्या पिवळ्या रेषेची तरंगलांबी 589 नॅनोमीटर यायला हवी आणि तुमची 602 आली, तर तुम्ही काय करता? शेजाऱ्याचं जर्नल बघता आणि खोडरबर काढता. आम्ही शिक्षकही त्यावर गुपचूप सही करतो, हेही कबूल केलं पाहिजे. माझ्या मते ही सवय वाईट आहे, आणि का ते हायड्रोजनच्या वर्णपटावरून समजते.

हायड्रोजनमध्ये एकच प्रोटॉन, एकच इलेक्ट्रॉन. इतका साधा अणू दुसरा नाही. म्हणून त्याच्या ऊर्जापातळ्या सिद्धांतावरून फार बारकाईने काढता येतात. मग मोजायचे आणि ताडून बघायचे. जुळले नाही तर एक तर मोजण्यात चूक आहे, किंवा गणितात, किंवा मग निसर्गात आपल्याला ठाऊक नसलेलं काहीतरी आहे.

डिरॅक यांच्या समीकरणानुसार n = 2 च्या दोन विशिष्ट पातळ्यांची ऊर्जा अगदी सारखी असायला हवी. 1947 मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात लॅम्ब आणि रेदरफोर्ड (अणुकेंद्रकवाले रदरफोर्ड वेगळे बरं का!) यांनी सूक्ष्मलहरी वापरून मोजले, तर सुमारे 1000 मेगाहर्ट्झचा फरक निघाला. n = 1 आणि n = 2 यांच्यातील अंतराच्या तुलनेत हा दहा लाखातला एक भागही नाही! पण एवढ्याशा फरकाचं उत्तर शोधताना प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांचा आजचा सिद्धांत उभा राहिला. लॅम्ब यांना 1955 मध्ये नोबेल मिळाले.

आता तुम्ही म्हणाल, सर, आमचा फरक म्हणजे नुसती चूकच असते. बरोबर आहे, बहुतेक वेळा असतेच. पुढची गोष्ट तशीच आहे.

2010 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये इलेक्ट्रॉनच्या जागी म्यूऑन असलेला हायड्रोजन तपासला गेला. म्यूऑन सुमारे 207 पट जड, त्यामुळे तो प्रोटॉनच्या खूप जवळ राहतो आणि प्रोटॉनचा आकार त्याला चांगलाच जाणवतो. त्रिज्या निघाली 0.84 फेम्टोमीटर. तोवरचा मान्य आकडा होता सुमारे 0.88. नवीन बल सापडले की काय, अशी चर्चा सुरू झाली. मग नेहमीचा हायड्रोजन पुन्हा नव्याने मोजला गेला. 2017 मध्ये जर्मनीतील गार्चिंगला लहान त्रिज्या आली. 2018 मध्ये पॅरिसला पुन्हा मोठी आली, 2019 मध्ये टोरांटोला लहान. आज 0.84 च्या आसपासचा आकडा मानला जातो. म्हणजे नवीन बल बहुधा नाहीच, जुन्या मोजमापांतच काहीतरी चुकले असावे.

मला यात सगळ्यात आवडतात ते पॅरिसवाले. वारं दुसरीकडे वाहत असताना त्यांनी आपला आकडा, त्याच्या चूक-मर्यादेसकट, जसाच्या तसा छापला. चूक-मर्यादा लिहिल्याशिवाय न जुळण्याला अर्थच नसतो. 602 ± 15 असेल तर काळजीचं कारण नाही, पण 602 ± 1 असेल तर मात्र उपकरणापाशी परत जायला हवं.

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला तुमचं न जुळलेलं रीडिंग पेनानेच लिहा, शेजारी ± लिहा आणि फरक का आला असेल ते दोन ओळींत मांडा. माझ्याकडे आणा. त्याचे मार्क मी कापणार नाही.