विश्लेषण : चुकीचं बटण दाबलं जातं, दोष बोटाचा की ॲपचा?

चॅटमध्ये मेन्यू उघडायला जावं आणि थेट व्हिडिओ कॉल लागावा. फोटो शेअर करायचा असतो, पण बोट डिलीटवर पडतं. असं झालं की बहुतेक जण स्वतःच्या घाईला दोष देतात, ज्येष्ठ मंडळी वयाला. पण ॲप बनवणाऱ्यांसाठी असलेल्या नियमांनुसार यात बटणांमधल्या अंतराचाही मोठा वाटा असतो.

हा विषय आत्ता का?

ॲपलने सप्टेंबर २०२५ मध्ये आणलेल्या आयओएस २६ मध्ये टूलबारचं रूप बदललं. शेजारशेजारची बटणं आता काचेसारख्या दिसणाऱ्या एकाच पट्टीवर एकत्र येतात. त्यातलं एखादं वेगळ्या कामाचं बटण दूर ठेवायचं असेल, तर बहुतेकदा डेव्हलपरला मध्ये मुद्दाम मोकळी जागा टाकावी लागते. म्हणजे ‘शेअर’ आणि ‘डिलीट’ एकमेकांना खेटून राहणार की नाही, हे ठरवणं डेव्हलपरच्या हातात आहे.

किती अंतर हवं?

ॲपलच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बोटाने दाबायची जागा किमान ४४ बाय ४४ पॉइंट असावी. अँड्रॉइडसाठी गुगल ४८ बाय ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, आणि दोन बटणांमध्ये ८ डीपी अंतर सुचवतं. पॉइंट आणि डीपी ही मापं अशी आहेत की स्क्रीन कोणतीही असली तरी बटणाचा आकार जवळपास सारखाच राहतो.

डोळ्यांना दिसणारं चिन्ह मात्र बरेचदा २४ डीपीचंच असतं. त्याच्याभोवतीची न दिसणारी जागाही स्पर्श ओळखते. ही जागा कमी ठेवली, तर बटण छान दिसतं पण नीट दाबलं जात नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या जागतिक सुगम्यता मानकात २४ बाय २४ पिक्सेल ही किमान मर्यादा आहे. बटण त्याहून लहान असेल, तर त्याच्याभोवती कल्पिलेलं २४ पिक्सेलचं वर्तुळ शेजारच्या बटणाला किंवा त्याच्या वर्तुळाला लागता कामा नये. थोडक्यात, बटण लहान असेल तर भोवती मोकळी जागा द्या.

मग बटणं दाटीवाटीने का?

३६० डीपी रुंदीचा फोन घ्या. दोन्ही कडांना १६ डीपी जागा सोडली, तर ४८ डीपीची आणि ८ डीपी अंतराची फक्त सहा बटणं बसतात. सातवं बटण तीन ठिपक्यांच्या मेन्यूत जातं आणि तिथे गेलेल्या सुविधेकडे फारसं कुणी वळत नाही. त्यामुळे नवी सुविधा समोरच दिसावी म्हणून अंतराला कात्री लागते.

जाहिरातींचा प्रश्न वेगळा. बटणाला चिकटून जाहिरात असली की चुकून क्लिक होतात. गुगलच्या ॲडमॉब सेवेच्या धोरणात अशा मांडणीला मनाई आहे.

कायदा काय म्हणतो?

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. प्रकरण ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींना केवायसी करताना येणाऱ्या अडचणींचं होतं. पण तत्त्व तेच आहे : ज्याचा हात थरथरतो, त्यालाही बँकेचं ॲप वापरता आलं पाहिजे. युरोपीय संघात बँकिंग आणि ऑनलाइन खरेदीसारख्या सेवांना सुगम्यतेचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आहे.

तुम्ही काय करू शकता?

अँड्रॉइडमध्ये केवळ अक्षरांचा आकार वाढवून भागत नाही. सेटिंग्जमधला ‘डिस्प्ले साइझ’ वाढवला, तर बटणं आणि त्यांच्यातलं अंतरही वाढतं. आयफोनमध्ये ‘डिस्प्ले झूम’ हा पर्याय आहे. मात्र काही बटणं मग तीन ठिपक्यांच्या मेन्यूत गेलेली दिसतील.

आणि ॲपला रिव्ह्यू देताना ‘बेकार ॲप’ एवढंच लिहून थांबू नका. कोणतं बटण दाबायचं होतं आणि कोणतं दाबलं गेलं, ते लिहा. डेव्हलपरला दुरुस्ती करायला तेवढं पुरतं.